फाटकाची कडी कुणाच्या हाती? शांतिसेना, निर्वासित आणि आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी एका प्रश्नाचं उत्तर

आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात आणि आफ्रिकेतल्या रवांडात संयुक्त राष्ट्रांचे सैनिक हजर असताना हजारो माणसं मारली गेली आणि त्याची जबाबदारी जवळजवळ कुणावरच आली नाही. मग आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नुसते ठराव आणि भाषणंच का? त्याला जोडून दुसरा प्रश्न: शांतिसेना, निर्वासितांचा कायदा आणि परराष्ट्र धोरण हे तीन वेगळे पेपर म्हणून शिकवले जातात, त्यांचा एकमेकांशी संबंध काय?

मी बरीच वर्षं शांतिमोहिमांमध्ये नागरिकांच्या संरक्षणाचं काम केलं. आता मोहिमेवर निघणाऱ्या तुकड्यांच्या अधिकाऱ्यांना त्यांच्या कामापुरता कायदा शिकवते. त्यामुळे माझं उत्तर ग्रंथालयातून कमी आणि तळाच्या फाटकापाशी उभं राहून जास्त आलेलं आहे. ते असं: कायदा आहे आणि तो लागूही होतो. पण तो कुठून सुरू होतो हे आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. सुरक्षा परिषदेच्या सभागृहात तो फार पुसट दिसतो. समोरच्या माणसाचं जगणं-मरणं ज्या क्षणी प्रत्यक्ष कुणाच्या तरी हातात येतं, त्या क्षणी तो स्पष्ट होतो. हा क्षण शांतिसैनिकाच्या फाटकावर येतो, समुद्रात तटरक्षकाच्या बोटीवर येतो, सीमेवरच्या चौकीतही येतो. तुमचे तीन पेपर तिथे एकाच प्रश्नावर येतात: कडी कुणाच्या हातात होती?

एक प्रसंग सांगते. देश आणि मोहीम सांगत नाही. शहराबाहेर एक छोटा तळ होता: मातीचे बांध, काटेरी तारा, पत्र्याचं फाटक. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला माणसं यायला लागली. आधी बायका आणि मुलं, मग गाद्या, पातेली, शेळ्या. अंधार पडेपर्यंत फाटकाबाहेर काही शे माणसं बसली होती आणि दूरवर गोळीबार ऐकू येत होता. तळाचा प्रमुख सत्ताविसेक वर्षांचा कॅप्टन होता. त्याच्या एका हातात वायरलेस होता, त्यावर सेक्टर मुख्यालय सांगत होतं, परिस्थितीवर लक्ष ठेवा आणि कळवत राहा. दुसऱ्या हातात सॅटेलाइट फोन होता, त्यावर त्याच्या स्वतःच्या देशातून एक वरिष्ठ अधिकारी सांगत होता, कोणतीही जोखीम घेऊ नको, फाटक बंद ठेव. छातीवरच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड होतं. बळाचा वापर कधी करता येतो याचे नियम त्यावर छापलेले असतात आणि प्रत्येक शांतिसैनिकाला ते दिलं जातं. त्या कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं की शारीरिक हिंसेचा निकटचा धोका असलेल्या नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा आहे. त्यानं मला ते कार्ड दाखवलं आणि विचारलं, "मॅडम, मुभा आहे म्हणजे करायलाच हवं का?"

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नव्हतं. त्यानं मात्र दहा मिनिटांत फाटकातलं छोटं दार उघडलं आणि वहीत एकेकाचं नाव लिहून माणसं आत घ्यायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत वहीची चौदा पानं भरली होती. त्या रात्री तळावर हल्ला झाला नाही. झाला असता तर त्याच कॅप्टनवर चौकशी बसली असती, हेही मला ठाऊक आहे. "मुभा म्हणजे कर्तव्य का?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच माझी पुढची वर्षं गेली. ते उत्तर सगळ्यांत बारकाईनं लिहिलेलं सापडतं ते नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या डच न्यायालयांच्या निकालांत, स्रेब्रेनिकाच्या संदर्भात.

आधी पार्श्वभूमी. १६ एप्रिल १९९३ रोजी सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक ८१९ करून स्रेब्रेनिका 'सुरक्षित क्षेत्र' असल्याचं जाहीर केलं. असे सुरक्षित भाग राखायला लष्करी सल्लागारांनी सुमारे ३४,००० सैनिक मागितले होते. परिषदेनं ७,६०० सैनिकांचा 'हलका पर्याय' मंजूर केला. म्हणजे शब्द पूर्ण दिला आणि सैनिक पावपटीनंही दिले नाहीत. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजा आल्या तेव्हा तिथे हलकी शस्त्रं आणि जेमतेम इंधन असलेली एक डच बटालियन होती. ११ जुलैला शहर पडलं. हजारो माणसं जवळच्या पोटोचारी गावातल्या डच तळाकडे धावली. पाच हजारांच्या आसपास आत शिरली, त्याहून कितीतरी जास्त बाहेर राहिली. पुढच्या काही दिवसांत सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले.

आता तळाच्या आत या. हसन नुहानोविच हा तरुण संयुक्त राष्ट्रांसाठी दुभाषाचं काम करत होता. त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ तळावर आसऱ्याला आले होते. १३ जुलैला डच तुकडीनं आतल्या लोकांना बाहेर जायला सांगितलं. हसनकडे संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र होतं, त्यामुळे तो राहू शकत होता. भावाकडे नव्हतं, म्हणून भावानं जायचं होतं. वडील सर्बांबरोबरच्या वाटाघाटींत सहभागी झाले होते, त्यामुळे त्यांना थांबता आलं असतं. पण धाकट्याला एकटं सोडायचं नाही म्हणून तेही निघाले. तुकडीकडे इलेक्ट्रिशियन म्हणून काम करणारा रिझो मुस्ताफिच खरं तर राहू शकणाऱ्यांच्या यादीत होता. कुणीतरी चुकून त्यालाही जायला सांगितलं. फाटकाबाहेर सर्ब फौजा पुरुषांना वेगळं काढत होत्या, हे तोवर तुकडीला समजलेलं होतं. भाऊ, वडील आणि रिझो, तिघेही परत आले नाहीत.

खटला कुणावर भरायचा, इथून अडचण सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांवर भरता येत नाही, कारण १९४६ च्या विशेषाधिकार करारानं त्यांना कोणत्याही राष्ट्रीय न्यायालयापासून संरक्षण आहे. स्रेब्रेनिकातल्या मातांच्या संघटनेनं तो प्रयत्न करून पाहिला. डच सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २०१३ मध्ये हे संरक्षण कायम ठेवलं. नेदरलँड्स सरकारवर खटला भरला तर सरकारचं म्हणणं तयार होतं: ते सैनिक आमचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांच्या हुकमाखाली होते. एकावर खटला भरता येत नाही आणि दुसरा म्हणतो, ते माझं काम नव्हतं. मधल्या मधे मेलेल्यांचे नातेवाईक.

या कोंडीतून डच न्यायालयानं काढलेली वाट तांत्रिक आहे, पण समजायला अवघड नाही. सैनिक कागदोपत्री कुणाच्या हुकमाखाली होते हे न्यायालयानं विचारलं नाही. ते विशिष्ट कृत्य घडलं त्या क्षणी त्यावर 'परिणामकारक नियंत्रण' कुणाचं होतं, हे विचारलं. शहर पडल्यावर पुढं काय करायचं हे संयुक्त राष्ट्रांचा सेनापती आणि वरिष्ठ डच सेनाधिकारी यांनी मिळून ठरवलं होतं. तळाच्या आत कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हा निर्णय तुकडीच घेत होती. म्हणजे कडी डच हातात होती. ६ सप्टेंबर २०१३ रोजी डच सर्वोच्च न्यायालयानं या तिघांच्या मृत्यूसाठी नेदरलँड्सला जबाबदार धरलं. एकच कृत्य एकाच वेळी संयुक्त राष्ट्रांचंही असू शकतं आणि देशाचंही असू शकतं, हेही न्यायालयानं मान्य केलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत शांतिसेनेच्या कायद्यात लिहिलं गेलेलं हे सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे, कारण जबाबदारी एकमेकांवर ढकलून दोघांनीही मोकळं होण्याची सोय त्यानं काढून घेतली.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. तळाच्या आत असलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत २०१९ चा निकाल आला. हे पुरुष तळावरच राहिले असते तर वाचण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधून सर्वोच्च न्यायालयानं नेदरलँड्सचं दायित्व नुकसानभरपाईच्या १० टक्क्यांवर आणलं. अपील न्यायालयानं ते ३० टक्के ठरवलं होतं. फाटकाबाहेरच्या हजारोंसाठी काहीच नाही. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार त्रास झाला होता आणि आजही होतो. पण तर्क तोच आहे: जिथवर नियंत्रण पोचलं, तिथवर जबाबदारी पोचली. तळाच्या तारेची रेघ हीच कायद्याचीही रेघ ठरली.

सगळी न्यायालयं या वाटेनं गेली नाहीत. २००७ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं कोसोवोतल्या दोन प्रकरणांत नेमकी उलट भूमिका घेतली होती. त्यातल्या एका प्रकरणात मित्रोवित्साजवळ न फुटलेल्या क्लस्टर बॉम्बशी खेळताना एक मुलगा दगावला होता आणि दुसरा आंधळा झाला होता. न्यायालय म्हणालं, अंतिम अधिकार सुरक्षा परिषदेचा आहे, म्हणून कृत्य संयुक्त राष्ट्रांचं आणि म्हणून आम्हाला ते ऐकता येत नाही. 'अंतिम अधिकार' आणि 'परिणामकारक नियंत्रण' या दोन शब्दप्रयोगांतल्या फरकावर विद्वानांचं किती लिखाण झालंय हे तुम्ही अभ्यासात पाहालच. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं (संयुक्त राष्ट्रांच्या कायदेतज्ज्ञांच्या मंडळानं) आंतरराष्ट्रीय संघटनांच्या जबाबदारीविषयीचा मसुदा पूर्ण केला, त्याच्या सातव्या कलमात परिणामकारक नियंत्रणाचीच कसोटी आहे. वादात मी कुठल्या बाजूला आहे हे उघड आहे. तो कॅप्टन सुरक्षा परिषदेचा अंतिम अधिकार खिशात घेऊन उभा नव्हता. त्याच्या हाती फाटकाची कडी होती.

रवांडाबद्दल तुम्ही विचारलंत. तिथला क्रम सगळ्यांना माहीत असतो: जानेवारी १९९४ मध्ये मोहिमेचे सेनाप्रमुख रोमेओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तारेनं दिलेला होऊ घातलेल्या कत्तलीचा इशारा, ७ एप्रिलला दहा बेल्जियन सैनिकांची हत्या, मग बेल्जियमची माघार आणि २१ एप्रिलला ठराव ९१२ नुसार सुमारे २,५०० च्या फौजेतून फक्त २७० ठेवण्याचा निर्णय. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यातला एकच तास मी माझ्या वर्गात तपशिलात शिकवते. ११ एप्रिलला किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसं बेल्जियन तुकडीच्या आसऱ्याला बसली होती. शाळेबाहेर सशस्त्र टोळ्या उघडपणे वाट पाहत होत्या. परदेशी नागरिकांना बाहेर काढण्याच्या कामासाठी तुकडीला बोलावणं आलं आणि ती ट्रकमधून निघून गेली. त्याच दिवशी आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. ब्रसेल्सच्या न्यायालयानं २०१० मध्ये ही माघार बेल्जियमचीच कृती असल्याचं म्हटलं. २०१८ मध्ये अपिलात ते उलटलं आणि निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या खात्यावर गेला. म्हणजे एकाच प्रकारच्या फाटकावर हेगमध्ये एक उत्तर आणि ब्रसेल्समध्ये दुसरं. आंतरराष्ट्रीय कायदा घडत असतो तो असाच, खाचखळग्यांतून.

त्याच किगालीत एम्बाय दियान नावाचे सेनेगलचे एक कॅप्टन होते. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं, फाटक नव्हतं, कारण ते निरीक्षक होते. गाडीत चारपाच जणांना बसवून, नाक्यानाक्यावर ओळखी वापरत, विनवण्या करत ते माणसं पलीकडे नेत राहिले. ३१ मे १९९४ रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून ते गेले. असामान्य धैर्यासाठी संयुक्त राष्ट्रं जे पदक देतात त्याला आता त्यांचं नाव आहे. बळ नव्हतं म्हणून काही करता आलं नाही, असं कुणी वर्गात म्हणालं की मी हे सांगते आणि पुढं काही बोलत नाही.

आता त्या कॅप्टनचा प्रश्न: मुभा म्हणजे कर्तव्य का? १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेपासून (ठराव १२७०) नागरिकांच्या संरक्षणाची मुभा मँडेटमध्ये, म्हणजे परिषद मोहिमेला काम आणि अधिकार नेमून देते त्या ठरावात, स्पष्ट लिहिली जाऊ लागली. ठरावाची भाषा नेहमी 'आपल्या क्षमतेच्या आणि तैनातीच्या क्षेत्राच्या मर्यादेत' अशी असते आणि त्या वाक्यामागे लपता येतं. पण २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात वंशसंहार रोखण्याच्या कर्तव्याबद्दल जे सांगितलं ते इथे कामाचं आहे. हे कर्तव्य निकालाचं नसून प्रयत्नाचं आहे. घटना रोखता आली नाही एवढ्यानं दोष लागत नाही, पण हाताशी असलेला प्रत्येक वाजवी उपाय केला नाही तर लागतो. आणि कुणाकडून किती अपेक्षा, हे त्याची प्रभाव टाकण्याची क्षमता किती यावर ठरतं. म्हणून मी आता अधिकाऱ्यांना सांगते: गोळी झाडायला तुम्हाला मुभा आहे, पण दार उघडणं तुमच्या हातात असताना माणसाला जाणूनबुजून मृत्यूच्या हवाली न करणं हे कर्तव्य आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कॅप्टनला हे मला तेव्हाच सांगता यायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयानं २०१४ मध्ये एक अहवाल दिला. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांशी संबंधित ज्या ५०७ घटना मोहिमांनी स्वतः नोंदवल्या होत्या, त्यांतल्या फक्त १०१ घटनांत तत्काळ प्रतिसाद दिला गेला होता. म्हणजे पाचात एक. त्यामागचं मोठं कारण अहवालानंच दिलं आहे, आणि ते मी त्या रात्री दोन फोनच्या रूपात पाहिलं होतं: हुकमाची दुहेरी साखळी. मोहिमेचा सेनापती एक सांगतो, सैनिकाची राजधानी दुसरं सांगते. पगार, बढती, शिस्त सगळं राजधानीच्या हातात असतं. यजमान देशाबरोबरच्या करारानुसार गुन्ह्याचा खटलाही फक्त मायदेशातच चालतो. मग सैनिक कुणाचं ऐकेल?

इथूनच परराष्ट्र धोरणाचा पेपर सुरू होतो. मँडेट लिहिणारे देश वेगळे, पैसे देणारे वेगळे आणि सैनिक पाठवणारे वेगळे. ठरावाचा मसुदा मुख्यतः अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन अशा कायम सदस्यांकडून येतो. फाटकावर मात्र नेपाळ, बांगलादेश, भारत, रवांडा अशा देशांचे सैनिक उभे असतात. ज्याच्या सैनिकाला उभं राहायचं आहे त्याला निर्णयात भाग घ्यायला बोलवावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४४ व्या कलमात १९४५ पासून लिहिलेलं आहे. भारतासारखे देश ते कलम वारंवार पुढं करतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. शब्द कुणी द्यायचा आणि जीव कुणी घालायचा यांत एवढं अंतर पडलं की 'हलके पर्याय' जन्माला येतात. शांतिमोहिमांचा २०२४-२५ या वर्षाचा मंजूर खर्च ५६० कोटी डॉलरच्या आसपास होता. जगाच्या एकूण लष्करी खर्चाच्या तो अर्धा टक्काही भरत नाही.

एवढं ऐकून शांतिसेना निरुपयोगी आहे असं वाटू शकतं. तसं नाही, आणि हे केवळ माझं मत नव्हे. कोलंबिया विद्यापीठाच्या व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी दाखवलं की शांतिसेना बहुधा अवघड संघर्षांत पाठवली जाते, त्यामुळे वरवर पाहता तिचा परिणाम कमी दिसतो. ही गोष्ट हिशेबात धरली की शांतिसैनिक असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा भडकण्याची शक्यता लक्षणीय घटते. लिसा हल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात सैनिकांची संख्या वाढली की नागरिकांच्या हत्या कमी होताना दिसल्या. सेवरीन ओटेसेर यांची टीकाही तितकीच महत्त्वाची आहे: काँगोसारख्या ठिकाणी जमिनीच्या, गावच्या सत्तेच्या स्थानिक भांडणांतून हिंसा उगवते आणि मोहिमा राजधानीतल्या करारांकडेच बघत राहतात. माझा अनुभव दोन्ही बाजूंना दुजोरा देतो. सैनिक असणं आणि नसणं यांतला फरक मी गावागणिक पाहिला आहे. आणि गावातलं भांडण कशावरून आहे हे तुकडीतल्या कुणालाच ठाऊक नाही, हेही पाहिलं आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये जे झालं त्यानं फाटकाचा प्रश्न कायमचा बदलला. राजधानी जुबात लढाई पेटली आणि हजारो लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे आले. मोहिमेनं फाटकं उघडली. ही रात्र-दोन रात्रींची सोय असेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण लोक राहिले, वर्षानुवर्षं राहिले. एका टप्प्यावर वेगवेगळ्या तळांवर मिळून दोन लाखांहून अधिक माणसं होती. हल्लेही झाले. अकोबोत डिसेंबर २०१३ मध्ये तळावर चालून आलेल्या जमावानं आसऱ्याला आलेल्या नागरिकांबरोबर दोन भारतीय शांतिसैनिकांना मारलं. एप्रिल २०१४ मध्ये बोरच्या तळात घुसून सुमारे पन्नास माणसं मारली गेली. तरीही त्या फाटकांनी जेवढी माणसं वाचवली तेवढी एखाद्या मोठ्या लढाईनंही वाचवली नसती.

ही माणसं कायद्यानं कोण होती? निर्वासित नव्हती. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारानुसार निर्वासित व्हायला स्वतःच्या देशाची सीमा ओलांडावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या तळात यजमान सरकारला परवानगीशिवाय शिरता येत नाही, पण ती जागा परदेश ठरत नाही. म्हणजे तारेच्या आत आलेला माणूस विस्थापितच राहतो. २०२४ अखेर जगात सक्तीनं बेघर झालेल्या सुमारे १२.३ कोटी लोकांपैकी ७ कोटींहून अधिक अशाच प्रकारचे होते: स्वतःच्याच देशात. त्यांच्यासाठी १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ज्यांच्या मागे फ्रान्सिस डेंग या सुदानी विद्वान-मुत्सद्द्याची मेहनत होती. आफ्रिकेत २००९ चा कंपाला करार आहे. जगभर बंधनकारक असा करार मात्र नाही.

निर्वासितांच्या कायद्याचा कणा याच १९५१ च्या कराराचं ३३ वं कलम आहे: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे कुणाला परत ढकलायचं नाही. हे कलम सीमेच्या बाहेर, खुल्या समुद्रात लागतं का? १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हैतीच्या बोटींबाबत आठ विरुद्ध एक मतानं 'नाही' म्हटलं. २०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं उलट दिशेनं पाऊल टाकलं. मे २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी लाम्पेदुसा या इटालियन बेटाच्या दक्षिणेला सुमारे दोनशे जणांना आपल्या जहाजांवर घेतलं आणि त्रिपोलीला नेऊन उतरवलं. त्यांतल्या सोमाली आणि एरिट्रियन अर्जदारांनी दाद मागितली. इटली म्हणाली, हे तर बचावकार्य होतं. न्यायालय म्हणालं, जहाजाच्या डेकवर पाऊल ठेवल्यापासून ही माणसं सलगपणे आणि पूर्णपणे इटलीच्या नियंत्रणात होती, म्हणून मानवाधिकारांची जबाबदारीही इटलीचीच.

पोटोचारीचा तळ आणि हा डेक शेजारी ठेवून पाहा. कागदावर एक शांतिसेनेचा कायदा, दुसरा स्थलांतराचा. आत मात्र प्रश्न एकच: माझ्या ताब्यात आलेल्या माणसाला मी कुणाच्या हवाली करतोय?

सरकारांनीही हा प्रश्न नीट वाचला. म्हणून त्यानंतरच्या परराष्ट्र धोरणाचा मोठा भाग कडी आपल्या हातात येऊच न देण्याकडे वळला. २०१७ मध्ये इटलीनं लिबियाशी समझोता केला. आता बोटी अडवतो तो लिबियाचा तटरक्षक. त्याला जहाजं, प्रशिक्षण, पैसा युरोपातून मिळतो आणि डेक युरोपचा नसतो. ऑस्ट्रेलियानं २००१ मध्ये टाम्पा या नॉर्वेजियन जहाजानं वाचवलेल्या चारशेहून अधिक लोकांना किनाऱ्याला लागू दिलं नाही आणि नाउरूसारख्या बेटांवर लोकांना ठेवण्याची पद्धत सुरू केली. सुरक्षा परिषदेत मोठा शब्द देऊन थोडे सैनिक पाठवणं आणि समुद्रात दुसऱ्याच्या हातून माणसं परत पाठवणं ही मला एकाच जातीची कृत्यं वाटतात. दोन्हींत निर्णय घेणारा फाटकापासून दूर राहतो. येत्या वीस वर्षांत न्यायालयांना आणि तुमच्यासारख्या अभ्यासकांना खरी झुंज द्यावी लागेल ती इथे. 'परिणामकारक नियंत्रण' म्हणजे हात लावणंच, की दुरून पैसा आणि आदेश देणंही?

संयुक्त राष्ट्रांना खटल्यांपासून असलेल्या संरक्षणाबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिथे मला आपल्याच माणसांची लाज वाटली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. मिरेबाले जवळच्या शांतिसेनेच्या तळातलं सांडपाणी आर्तिबोनित नदीला मिळणाऱ्या पाण्यात गेलं होतं. सुमारे १०,००० माणसं गेली. १९४६ च्या करारातलं २९ वं कलम सांगतं की न्यायालयापासून संरक्षण असलं तरी खासगी तक्रारींच्या निवारणाची योग्य सोय संयुक्त राष्ट्रांनी करायची आहे. यजमान देशांबरोबरच्या करारांत त्यासाठी दावा आयोगाची तरतूद असते. असा आयोग आजवर एकाही मोहिमेत नेमला गेला नाही. हजारो पीडितांच्या दाव्यांना २०१३ मध्ये 'स्वीकारण्याजोगे नाहीत' असं उत्तर गेलं. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी डिसेंबर २०१६ मध्ये हैतीच्या लोकांची माफी मागितली. चाळीस कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा झाली आणि त्यातला फार थोडाच पैसा जमला. संरक्षण काढून टाका असं मी म्हणत नाही. ते नसतं तर कित्येक मोहिमा पहिल्याच वर्षी स्थानिक खटल्यांत गुरफटल्या असत्या. पण २९ वं कलम त्या संरक्षणाची किंमत म्हणून लिहिलेलं आहे, आणि ती किंमत चुकती न करता संरक्षण वापरणं हा करारभंग आहे.

आता तुमच्या प्रबंधासाठी एक सुचवते. मोहीम येते तेव्हा सगळे लिहितात; ती जाते तेव्हाचा अभ्यास फार थोडे करतात. जून २०२३ मध्ये मालीच्या सरकारनं संमती काढून घेतली आणि ३१ डिसेंबरपर्यंत दहा वर्षांची मोहीम गुंडाळली गेली. त्या दशकात तीनशेहून अधिक शांतिसैनिक गेले होते. दक्षिण सुदानमध्ये २०२० पासून बहुतेक संरक्षित तळ साध्या विस्थापित छावण्या म्हणून सरकारकडे सोपवले गेले, त्याच सरकारकडे ज्याच्या फौजांना भिऊन अनेकजण आत आले होते. कडी हातातून सोडतानाच्या क्षणी कोणती जबाबदारी उरते? किती आधी सांगायचं, कुणाला विचारायचं, कुणाला बाहेर काढायचं? पोटोचारीचा निकाल नेमक्या अशाच माघारीच्या दिवसांबद्दलचा आहे, म्हणून तो मुळातून वाचा. त्यातही ११ ते १३ जुलैच्या घटनाक्रमाचे परिच्छेद सावकाश वाचा. कुणी कुणाला काय सांगितलं, कुठल्या यादीत कुणाचं नाव होतं, अशा बारीक नोंदींवर तो निकाल उभा आहे.

त्यामुळेच माझ्या वर्गातला शेवटचा तास कायद्याचा नसतो, वहीचा असतो. प्रत्येक अधिकाऱ्याला मी कोरी वही देते आणि दहा मिनिटांचा प्रसंग सांगते: फाटक, जमाव, दोन फोन. वेळ, आलेला आदेश, देणाऱ्याचं पद, आत घेतलेल्यांची नावं, नाकारलेल्यांची नावं आणि कारण, एवढं त्यांनी लिहायचं. 'नाकारण्याचं कारण' या रकान्यापाशी बहुतेकांचं पेन थांबतं. मी घाई करत नाही, आणि त्यातले बरेच जण वही बंद करून विचारतात, "मॅडम, छोटं दार आतून उघडतं की बाहेरून?"